एका सिलिंडरचा आवाज

दिवाळी सरली की आमच्या कुडव्याच्या मागच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, थ्रेशर सुरू होतात. सकाळी चहा ठेवते तेव्हा पहिला आवाज येतो, मग त्याच्या पलीकडून दुसरा. कापून रचलेल्या धानाचे पुंजणे एकेक करून मोडले जातात, हवेत बारीक कोंडा तरंगतो, धुतलेले कपडे आत वाळवावे लागतात, आणि तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, तो कोरडा, गोडसर वास दिवसभर नाकात बसतो. या दिवसांत बाकीच्यांना काय काय आठवतं. मला इंजिनं ऐकू येतात.

गोंदियात मोटारीच्या सुट्या भागांच्या एका दुकानात मी काउंटरवर बसते. लागले होते बिलं लिहायला. मग माल मोजायला लागले, मग माल काढून द्यायला, आणि आता कोणत्या गाडीला कोणतं बेअरिंग चालतं हे मालकसुद्धा मलाच विचारतात. पहिली काही वर्षं गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून मागे बघायचं आणि म्हणायचं, "भैया नहीं हैं क्या?" मी सांगायचे, भैया चाय पीने गए, आप पार्ट बोलो. भैया नावाचा कोणी आमच्या दुकानात कधीच नव्हता. इतकी वर्षं हे काम केल्यावर ओट्यावर बसल्या बसल्या मला कळतं की पलीकडच्या बांधीतलं इंजिन दोन सिलिंडरचं आहे, त्याचं नोझल गेलं आहे, आणि त्याचा मालक यंदाही ते बदलणार नाही.

ओट्यावर माझ्या शेजारी माझा नवरा बसलेला असतो. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचे, आता तिथलंच स्टोअर सांभाळतात. अख्खी वस्ती त्यांना सर म्हणते, म्हणून मीही इथे सरच लिहिते. कप दोन्ही हातांत धरून ते समोर बघत असतात. थ्रेशरचा धुरळा त्यांना दिसतो. आवाज येत नाही. थ्रेशरचा नाही, कपाचा नाही, माझाही नाही.

मला एक हंगाम आठवतो ज्यात त्यांना अजून ऐकू येत होतं. पुरतं नाही, पण येत होतं. त्या हंगामात आम्ही घरच्या आवारात एक मोटार बांधली. तिच्यासाठी इंजिन मी निवडलं.

गोंदिया जिल्हा होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. दुकानांच्या पाट्यांवर अजून जिल्हा भंडारा असंच लिहिलेलं होतं, आणि रंगवणाऱ्यांना काम पुरत नव्हतं. पोळा झाला, धान निसवायला लागलं, आणि एका दुपारी तांदूळ पोचवून नागपूरहून रिकामा परतणारा एक ट्रक आमच्या फाटकाशी थांबला. त्याच्यावर दोरांनी बांधलेलं एक लांबुळकं, पांढरं, पोकळ असं काहीतरी होतं. सर ट्रकच्या मागच्या बाजूला उभे होते, एक हात त्या पांढऱ्या वस्तूवर ठेवून, जसा म्हशीच्या पाठीवर ठेवतात.

ती मोटारीची फायबरची बॉडी होती. नागपूरच्या एका कारागिराने कोणासाठी तरी बनवली होती, आणि तो माणूस परत आलाच नव्हता. बॉडीबरोबर नकाशा मिळाला होता, चौकोनी पाइपांची सांगाड्याची मापं मिळाली होती. बाकी सगळं आपलं आपण बघायचं. इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, स्टिअरिंग, ब्रेक, दिवे. शेजारपाजारचे बघायला आले. एकाने बॉडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि गंभीरपणे विचारलं, "सर, डोंगा होय काय? बोदलकशात सोडून राहिले काय?" बोदलकसा म्हणजे तिरोड्याकडचा मोठा तलाव, आणि माझं माहेर त्या तलावाच्या पलीकडच्या गावात. त्यामुळे हसण्यात मीही सामील झाले. मग मी आत वाकून पाहिलं आणि माझं हसू गेलं. जागा दोनच सीटची होती.

"तिघं आहोत आपण," मी म्हटलं. "सीट दोनच काऊन?"

"पल्लवी मधात बसंल," सर म्हणाले. पल्लवी आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची.

मी आणखी बरंच काही बोलले. या गाडीला आरटीओचा नंबर मिळणार नाही, रस्त्यावर नेली तर पोलीस धरतील, दारात स्कूटर धडधाकट उभी आहे. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले की आतल्या रस्त्यांनी जाऊ, मोठं काही नाही, तुझ्या माहेरच्या मंडईला एकदा नेऊ. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात, दिवसा दंडारीचा खेळ आणि रात्री नाटक. जावई नवी गाडी घेऊन येणार म्हणजे माझ्या मायला किती मिरवता येईल, हे मला कळत होतं. मी विरोध सोडला. दोन सीट काऊन, याचं खरं उत्तर मला त्या दिवशी मिळालं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

इंजिन बघायला आम्ही रविवारी गेलो. बालाघाट रस्त्याच्या अंगाला एका चाचांचं भंगाराचं आवार होतं. मेलेल्या गाड्या तिथे रांगेने उभ्या असत, आणि पावसाळा नुकता संपल्यामुळे त्यांच्या खिडक्यांतून तरोट्याचं तण वर आलं होतं. चाचांनी आमच्यासाठी तीन इंजिनं काढून ठेवली होती. एक जुन्या जीपचं, चार सिलिंडरचं. ते मी बघताच बाद केलं. त्याच्या वजनाने गाडीचं नाक जमिनीला टेकलं असतं. उरली दोन. एक छोट्या मोटारीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ती मोटार मागून ठोकली गेली होती, इंजिनाला ओरखडा नव्हता. दुसरं सहा सीटच्या रिक्षाचं, एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं डिझेल इंजिन, गिअरबॉक्ससकट.

चाचांनी पेट्रोलचं सुरू केलं. सरांनी त्यांच्याकडून पाण्याचा काचेचा ग्लास मागून घेतला आणि झाकणावर ठेवला. पाण्यावर नुसती बारीक वर्तुळं उठत होती. चाचा म्हणाले, "मॅडम, ये चालू है कि बंद, पूछना पड़ता है." मग डिझेलचं हँडल मारलं. आवारातल्या कुत्र्यांनी जागा सोडली. ग्लास झाकणावर दोन पावलं चालला आणि खाली पडताना चाचांनी तो झेलला.

सरांनी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. सगळेच मेकॅनिक हे करतात. टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाशी धरायची, म्हणजे आतलं बेअरिंग वाजतं की काय ते ऐकू येतं. सरांनी मूठ कानाशी धरली नाही. दातांत धरली. डोळे मिटून, स्क्रू ड्रायव्हर चावून ते बराच वेळ वाकून उभे राहिले. "सर इंजन चख रहे हैं," चाचा म्हणाले, आणि मी हसले. मेकॅनिकांमध्ये माझं आयुष्य गेलं आहे. मूठ दातांत धरणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि मी हसले.

सरांना पेट्रोलचं हवं होतं. का, तर आवाज नाही. मला हे कारण वाटलंच नाही. काउंटरवर बसणाऱ्याचा एक हिशेब असतो. चांगलं इंजिन कोणतं, तर ज्याचा पार्ट संध्याकाळच्या आत हाताशी येतो ते. पेट्रोलचा वॉटर पंप गेला तर नागपूरला निरोप द्या आणि वाट बघा. एका सिलिंडरचं डिझेल तर आमच्या जिल्ह्यात पंपावर आहे, थ्रेशरवर आहे, रिक्षावर आहे. आमगावपासून तिरोड्यापर्यंत कोणत्याही चौकात त्याची रिंग, नोझल, गॅस्केट मिळतं, आणि ते उघडून पुन्हा लावणारा माणूस कोणत्याही पानठेल्यावर उभा असतो. हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या सांगितलं. चाचांनी माझी बाजू घेतली नाही, सरांचीही घेतली नाही. "सर को हिरन चाहिए, मॅडम को बैल," एवढंच म्हणाले.

सर म्हणाले, "लय आवाज करते हे."

"इंजिन आहे, आवाज करंलच," मी म्हटलं. "तुम्हाले का त्याच्यासंग बोलाचं आहे?"

"त्याच्यासंग नाही," सर म्हणाले, आणि वाकून गिअरबॉक्सचे बोल्ट मोजायला लागले.

हे दोन शब्द मी तेव्हा स्पष्ट ऐकले होते. माझे कान चांगले आहेत.

इंजिन आवारात आलं. पुढचे दीड-दोन महिने कसे गेले ते मला दिवसांनी आठवत नाही, वासांनी आठवतं. वेल्डिंगचा जळका वास, प्रायमरचा वास, आणि बांध्यांकडून येणारा, रोज थोडा बदलणारा धानाचा वास. आधी दुधावर आलेल्या कणसांचा हिरवा, मग पिवळेपणाचा, मग कापणीचा. हलकं धान कापून कडपे पसरले गेले तोवर आमचा सांगाडा चाकांवर उभा राहिला होता. स्टिअरिंग बॉक्स जुन्या जीपचा, पुढचे दिवे ट्रॅक्टरचे, सीट एका मोडीत गेलेल्या व्हॅनच्या, ब्रेकचे सिलिंडर मात्र नवे कोरे, कारण ब्रेक जुना लावायचा नाही हा माझा नियम होता. मी दुकानातून आले की हातपाय धुवायच्या आधी आवारात जायचे. सर सांगाड्याखाली असायचे आणि बाहेर फक्त त्यांचे पाय दिसायचे. मी पायांशी उभी राहून दिवसभराचं सांगायचे: हे बेअरिंग आलं, ते आलं नाही, बुशचं माप चुकलं, उद्या बदलून आणते. पाय ऐकायचे. कधी कधी खालून उत्तर यायचं नाही, आणि मी चिडून टायरवर पाना आपटायचे. तेव्हा ते खालून सरकून बाहेर यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणायचे, "आता बोल."

मला वाटायचं, माणूस कामात किती गुंग आहे.

इंजिन बसवल्यावर तर सरांनी कमालच केली. गाडी बांधून व्हायची होती आणि ते आवाजाच्या मागे लागले. माउंटिंगला मी मोठ्या गाडीचे जाड रबरी बुश आणून दिले, तेवढं मला पटलं होतं. पण त्यांनी राईस मिलमधून जुना बारदाना आणला, त्याचे थर डांबरात बुडवून बॉनेटच्या आतून चिकटवले. गादीतला काथ्या काढून पत्र्यामागे ठासला. जीपचा लांब सायलेन्सर कापून त्याला दुसरा जोडला. दर वेळी इंजिन सुरू करायचे, मला सीटवर बसवायचे, स्वतः शेजारी बसायचे आणि म्हणायचे, काही बोल. मी म्हणायचे, काय बोलू? ते म्हणायचे, काहीही. मी म्हणायचे, भाजी करपून राहिली. ते डोकं हलवायचे आणि उतरून आणखी एक थर लावायचे. मी पल्लवीला सांगायचे की तुझ्या बाबांना मोटार नाही, देव्हारा बांधायचा आहे. विहारात जाणारं आमचं घर. घरात देव्हाराच नाही. त्यामुळे पोरीला हा विनोद फार आवडायचा.

त्याच दिवसांत सर एकदा हेड गॅस्केट आणायला म्हणून नागपूरला गेले. सकाळच्या गाडीने गेलेला माणूस रात्री परतला आणि आणलं काय, तर एक गॅस्केट. तेही गोंदियात मिळणारं. मी बोलायचं ते बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात आले. राहिलेल्या पार्टांची यादी करायची होती. मी म्हटलं, कागद द्या. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला, उलगडला, काउंटरवर हाताने सपाट केला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. चौकटींचा कागद होता. त्यावर गोल आणि फुल्या होत्या, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन रेघा, डावीकडून उजवीकडे उतरत जाणाऱ्या.

"हे कशाचं?" मी विचारलं. सरांकडे असले आलेख नेहमीच असायचे, शिकवण्याचे.

"एका जुन्या मशीनचं," ते म्हणाले.

"चालू आहे का अजून?"

"आहे. उतरून राहिली."

मी कागद उलटा केला. आमच्या काउंटरची ही सवयच आहे: एका बाजूला छापलेला कागद फेकायचा नाही, कोऱ्या बाजूवर याद्या करायच्या. मी कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. क्लच प्लेट. हाफ शाफ्टचे रबर बूट दोन. ब्रेक ऑइल. हॉर्न. ते समोर उभे राहून माझं लिहिणं बघत होते. यादी संपली, मी कागद त्यांच्या हातात दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, बोलो.

मंडईच्या दिवशी आम्ही निघालो. पल्लवी दिवाळीपासून मामाकडेच होती, म्हणून गाडीत दोघंच. तांबड्या रंगाची, बसकी, पुढे ट्रॅक्टरचे मोठे डोळे लावलेली ती गाडी कुडव्यातून निघाली तेव्हा लोक दात घासता घासता बाहेर आले. आतल्या रस्त्यांनी गेलो. दोन्ही बाजूंना पुंजणे, मध्ये मध्ये चालू असलेले थ्रेशर, बैलांच्या तोंडाला मुसकी, तणसाचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया थबकून बघणाऱ्या. गाडी छान चालली. एकदाही बंद पडली नाही, एकदाही गरम झाली नाही, चढावर खाली आली नाही. फक्त बोलता येत नव्हतं. बारदाना, काथ्या, दुहेरी सायलेन्सर, सगळं असूनही चालत्या गाडीत त्या एका सिलिंडरचे ठोके छातीत बसत होते. मी एकदा ओरडून म्हटलं की समोर म्हशी आहेत. सरांनी मान वळवून माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि म्हशींच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक लागला. ब्रेक नवे होते. त्यानंतर मी हातानेच खुणा केल्या. डावा, उजवा, सावकाश.

तलावाच्या पाळीवर सरांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की मला माझ्याच कानांत भुणभुण ऐकू आली. पाण्यावर ऊन होतं. दूर दोन ढीवर डोंग्यातून जाळं ओढत होते आणि त्यांचं बोलणं पाण्यावरून आमच्यापर्यंत, शब्द न् शब्द, येत होतं. एक दुसऱ्याला त्याच्या सासऱ्यावरून चिडवत होता. मी हसले. सरांनी विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, ऐकू येत नाही का, इतकं मोठ्याने बोलून राहिले ते.

ते स्टिअरिंगवरचे हात काढून मागे टेकले. मग म्हणाले, "बसू थोडं."

मी घड्याळ पाहिलं. माय वाट बघत असेल, पाहुण्यांचं जेवण व्हायचं आहे, हातभार लावायला हवा, आणि गाडी दुपारच्या आत पोचली नाही तर निम्म्या गावाला ती बघायलाही मिळणार नाही. "बसाचं काय इथं," मी म्हटलं. "घरी जाऊन बसू ना. बोलाले घर आहे." सरांनी पाण्याकडे एकदा पाहिलं आणि हँडल मारलं.

माहेरी गाडीची मिरवणूकच झाली. माझा भाऊ दिलीप पुढे पळत, पोरं मागे, माय दारात. तिने बॉनेटवर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला, म्हणाली, हे तर बैलावानी थरथरते बाई. दिलीपने सगळ्यांना सांगितलं की भाऊजींनी हाताने बांधली, आणि इंजिन ताईने निवडलं. मला फार अभिमान वाटला. त्या दिवसाचे जे दोन-चार फोटो आहेत त्यांत मी गाडीपेक्षा जास्त चमकते आहे. सर एका बाजूला उभे आहेत, डोकं थोडं कललेलं. तेव्हा वाटलं होतं, ऊन लागतंय म्हणून.

कानांचं मला त्यांनी स्वतः सांगितलं ते दीड वर्षानंतर, वर्गात मुलं मागून हसायला लागली तेव्हा. कानाची नस सुकत चालली होती. उपाय नव्हता, हळूहळू जाईल, किती दिवसांत ते सांगता येत नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. यंत्र लावून पाहिलं. त्याने आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. पल्लवी अकरा वर्षांची होती तेव्हा उरलेलंही गेलं. आज ती पुण्यात नोकरी करते, बाईमाणसाच्या भरदार आवाजात माझ्याशी फोनवर भांडते. सरांकडे तिचा आवाज अकरा वर्षांचाच आहे.

यादीचा तो कागद मला त्याहून उशिरा सापडला. सर फाइल नीट ठेवणारा माणूस. गाडीच्या फाइलमध्ये नकाशा, मापं, आणि माझ्या अक्षरातली यादी. प्रत्येक पार्टापुढे त्यांची बरोबरची खूण. मी सहज कागद उलटला. चौकटी, गोल, फुल्या, उतरत्या रेघा, आणि वर कोपऱ्यात, बारीक अक्षरात, त्यांचं नाव, वय आणि कानाच्या तपासणीची तारीख. मी खाली बसले नाही की रडले नाही. मी यादी पुन्हा वाचली. क्लच प्लेट, रबर बूट दोन, ब्रेक ऑइल, हॉर्न.

खिशात दुसरे कागद असतीलच. आयटीआयच्या माणसाच्या खिशात कोरा कागद नसतो असं होत नाही. तो कागद त्यांनी नेमकी ती बाजू वर करून, हाताने सपाट करून माझ्या पुढ्यात का ठेवला, हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारणार नाही. उत्तर मला माहीत आहे, आणि ते लेखी नको.

आमचं आता असं आहे की मी लिहिते आणि ते बोलतात. एक वही असते, दोरीला पेन. गॅस संपला. गोळी घेतली का. उद्या बँक. इतकी वर्षं वह्या भरत आल्या आहेत आणि त्यांत एकही वाक्य असं नाही जे शेजारणीला वाचायला देता येणार नाही. लिहायचं म्हटलं की माणूस कामाचंच लिहितो. फक्त एकदा, दोन-तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत, मी लिहिलं: तेव्हा गाडीत काय बोलायचं होतं तुम्हाला?

सरांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग त्यांच्या त्या हल्लीच्या, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "काही नाही. रोजचंच."

मी वही मिटली. काही मोठं असतं, एखादं गुपित, एखादी तक्रार, तर मला सोसलं असतं. मोठ्या गोष्टी लिहून देता येतात. रोजचं लिहून देता येत नाही. डोंग्यातला माणूस सासऱ्याबद्दल काय म्हणाला हे वहीत लिहिलं तर ते काय उरतं?

गाडी सात-आठ वर्षं चालली, म्हणजे वर्षातून दोन-चारदा. मग बॉडीला तडे गेले आणि सरांनी ती एकट्याने चालवू नये असं मीच ठरवलं. ते लाल टरफल आवारात पत्र्याखाली आहे, त्यात कोंबड्या बसतात. इंजिन दिलीपने नेलं. थ्रेशरला लावलं. त्याचा प्रत्येक पार्ट आजही कोणत्याही चौकात मिळतो. दोनदा रिंगा बदलल्या, एकदा नोझल, बाकी काही नाही. याबाबतीत मी चुकले नव्हते. इतकं बरोबर मी आयुष्यात काही निवडलं नाही.

दर वर्षी मळणीला आम्ही दोघं जातो. यंदाही परवा गेलो. दिलीपच्या खरीवर, म्हणजे खळ्यावर, इंजिन चालू होतं. दिलीपचे मजूर पेंढ्या टाकत होते, एका बाजूला धान पडत होतं, दुसऱ्या बाजूला तणस उडत होतं. सर नेहमीप्रमाणे इंजिनाजवळ स्टूल टाकून बसले, तळहात त्याच्या अंगावर ठेवून, डोळे मिटून. आता दातांत स्क्रू ड्रायव्हर धरूनही काही येत नाही, पण हाताला कळतं म्हणतात. दिलीप सांगतो, भाऊजी हात ठेवून सांगतात ते मिस्त्रीला खोलून कळत नाही.

मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले. आवाज इतका की शेजारच्या माणसाचं बोलणं कळू नये. कोणाचं लक्ष नव्हतं. मी बोलायला लागले. मोठ्याने नाही, घरात बोलते तसं. म्हटलं, मागच्या दाराची बिजागरी सुटून राहिली आहे, दोनदा हाताला लागली. म्हटलं, पल्लवीचा फोन आला होता, सर्दी झाली आहे, काढा घे म्हटलं तर हसली. दुकानात काल एक नवीन गिऱ्हाईक आलं, अजून विचारतात हो, भैया नहीं हैं क्या. भाजीवालीने वांगी किडकी दिली. पलीकडच्यांची म्हैस व्यायली. तलावावर ते दोघं होते ना, त्यांच्यातला एक म्हणत होता की सासरा मासे मोजून देतो आणि पोरगी न मोजता दिली. म्हणून मी हसले होते. एक अख्खा पुंजणा मोडून होईपर्यंत मी बोलत होते. कोंडा तोंडात जात होता, तो पदराने पुसून पुन्हा बोलत होते.

सरांनी डोळे उघडले नाहीत. तळहात थोडा सरकवला, वर, झाकणाकडे. कपाळाला आठी पडली.

"टॅपेट सैल झालं आहे," ते मोठ्याने म्हणाले. "गेज आण."

मी उठले. फट मोजायचं गेज माझ्या पिशवीतच होतं.